आठ-दहाची नोंद

“चोवीस, आठ-दहा,” असं मोठ्यानं म्हणत मी वहीत लिहिलं. बोलून लिहायची सवय मला पंचफुलाबाईंनी लावली होती. “बोलत बोलत लिवत जा मॅडम, म्हंजे डोया लागत नाई,” असं त्या म्हणायच्या. कोंबड्यांची शेड त्यांच्या ताब्यात. पण त्या सकाळी त्या लेकीच्या बाळाच्या बारशाला दर्यापूरला गेल्या होत्या, आणि चाळीस कोंबड्यांपुढे स्टुलावर मी एकटीच बसले होते. मार्च लागला होता. जाळ्यांवर टाकलेली ओली गोणपाटं आठ वाजताच निम्मी सुकली होती.

प्रत्येक कोंबडीला स्वतंत्र पिंजरा, प्रत्येक पिंजऱ्यावर पत्र्याचा नंबर. पिंजऱ्याची जाळी पुढच्या बाजूला उतरती. अंडं घातलं की ते घरंगळत बाहेरच्या पन्हाळीत येतं. ते उचलायचं, पेन्सिलीनं त्यावर नंबर टाकायचा आणि वहीत वेळ लिहायची. सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत कुणी ना कुणी हेच करत बसलेलं असे. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण आमचं सगळं संशोधन त्या वहीवर उभं होतं. कारण कोंबडीनं अंडं घातलं की साधारण अर्ध्या तासात तिच्या अंडाशयातून पुढचा बलक सुटतो. म्हणजे घातल्याची वेळ नक्की ठाऊक असली, की तिच्या पोटात आत्ता काय चाललंय ते तिला न उघडताच सांगता येतं.

त्या पोटात एक घोस असतो. पिवळ्याधमक बलकांचा, द्राक्षांच्या घडासारखा, पण एकही मणी दुसऱ्याएवढा नाही. सगळ्यात मोठा एफ-वन, पुढच्या खेपेला सुटणारा. मग एफ-टू, एफ-थ्री, असे उतरत्या क्रमानं. आणि त्यांच्या मुळाशी बारीक बारीक, मुगाएवढे, ज्वारीएवढे, कितीतरी. रोज त्या बारक्यांतला एकच निवडला जातो आणि वाढायला लागतो. बाकीचे तिथेच राहतात, बरेचसे विरून जातात.

हे मला पद्मजा लोणकर मॅडमनी शिकवलं होतं. मी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, तिसरं वर्ष. दोन वर्षं मी एकटीच होते. मग करुणा आली.

करुणा गावंडे. अकोटकडच्या खेड्यातली, सावळी, बुटकी, केसांना खोबरेल चोपडलेली. पहिल्याच दिवशी मॅडम तिला तो घोस समजावून सांगत होत्या आणि तिनं विचारलं, “पण मॅडम, बारके सगळे सारखेच आहेत ना? मग त्यातला तोच का?”

दोन वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता. मी उत्तरं पाठ केली होती.

मॅडम हातातली चिमटी ठेवून खुर्चीत रेलल्या. “संप्रेरक रक्तातून सगळ्यांकडे सारखंच जातं बघ. पण एकाच्याच पेशींना ते ऐकू यायला लागतं. बाकीच्यांच्या आत दुसराच एक निरोप चालू असतो. थांब, थांब, अजून नको.”

“तो निरोप बाहेरून येतो?”

“आतूनच. त्यांचा त्यांनाच.”

“अन् मग एखाद्याचा तो बंद कोण करतं?”

“ते कळलं तर मी निवृत्ती घेईन, बाळा,” मॅडम म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

बाळा. तोवर त्या खोलीत बाळा मी होते.

आमचं काम एफ-वनच्या पेशींवर होतं. बलकाभोवती ग्रॅन्युलोसा नावाचा पेशींचा एक पापुद्रा असतो, इतका तलम की पाण्यात धरला तर दिसतही नाही. तो सोलून काढायचा, पेशी सुट्या करायच्या, त्यांना एलएच या संप्रेरकाचा निरोप द्यायचा आणि त्या उत्तरादाखल प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक किती सोडतात ते मोजायचं. सगळी मेख सोलण्यात. माझ्या हातून पापुद्रा फाटायचा. मी रात्र रात्र वाचायचे, मला सगळ्या संदर्भांची पानं पाठ होती, आणि टेबलाशी उभी राहिले की मनगट दगडासारखं व्हायचं. करुणानं पहिल्याच खेपेला एफ-वनला बारीकशी चीर दिली, बलक ओघळून जाऊ दिला, चिमटीनं एक हलका झटका दिला आणि अख्खा पापुद्रा बशीतल्या खारट पाण्यात तरंगायला लागला.

“हे कुठं शिकलीस गं?” मॅडमनी विचारलं.

“घरीच. म्हातारी कोंबडी कापली की रश्शासाठी पोटातले पिवळे गोळे मीच काढायची. एक फुटला तरी आई धपाटा घालायची.”

मॅडम दिवसभर हे ज्याला त्याला सांगत होत्या.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मला काय हवं होतं ते मात्र मला अजून लख्ख आठवतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत सहा महिने जायला मिळणार होतं. आमच्या विभागातून एकालाच. तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी ठेवतात, आणि तिला निरोप पोचला की ती आतून उजळते. आम्ही जे दुसऱ्या दिवशी आकड्यांत वाचायचो ते तिथं डोळ्यांनी दिसतं. मला ते बघायचं होतं. तेवढं सोडलं तर मला हवंसं दुसरं काहीच नव्हतं म्हणा ना. अर्जाला मॅडमचं शिफारसपत्र लागणार होतं आणि तीन कोंबड्यांची नीट निघालेली आकडेवारी. माझ्या धड निघाल्या होत्या दोन. करुणाच्याही दोन, अवघ्या तीन महिन्यांत. विभागाला तीस कोंबड्या मारण्याची परवानगी मिळालेली होती, त्यांतल्या एकोणतीस संपल्या होत्या. तिसावी, शेवटची, मॅडमनी करुणाला दिली.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीबाहेर नमुन्यांचा ट्रे घेऊन उभी होते, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. “निवेदिताला इतक्यात काही बोलू नकोस. आधी तुझी ही कोंबडी नीट होऊ दे. मग मीच सांगेन.”

“मला नाही बाई लपवता येत, मॅडम. ताईंसमोर डबा खाताना सारखं ओठांवर येतं,” करुणा म्हणाली.

“मग खा माझ्याबरोबर.”

दोन दिवस ती मॅडमबरोबर जेवली. मी लायब्ररीच्या पायरीवर बसून पोळीचे तुकडे मोडत होते आणि डोक्यात हिशेब करत होते, की पत्र कुणाच्या नावानं गेलं असणार. त्याला हिशेब तरी कशाला लागतो?

आणि आज बुधवार. करुणाची कोंबडी दहा वाजता कापायची होती. तिला सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या मध्ये अंडं घातलेली कोंबडी हवी होती, म्हणजे एफ-वन नुकताच पुढे सरकलेला, निरोपाची वाट बघणारा असेल. त्या वेळेत एकीनंच घातलं होतं. चोवीस, आठ-दहा.

आठ-वीसला तेवीस नंबरची ओरडायला लागली.

अंडं घातल्यावर कोंबडी कशी ओरडते ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. मान ताठ, गळा फुगवून, सगळ्या जगाला कळवल्यासारखं. मी तिच्याकडे बघितलं, मग शेजारच्या चोवीसकडे. चोवीस गप्प होती. ती बसत होती, उठत होती, गोल फिरत होती, जाळीला चोच लावत होती आणि पुन्हा बसत होती.

मी पुढे जाऊन बघितलं. दोघींच्या पन्हाळ्यांमधला पत्र्याचा तुकडा वाकला होता आणि खाली बोटभर फट पडली होती. मी ट्रेमधलं ते अंडं उचललं. टोकाला खरखरीत दाणे होते. असं दाणेदार अंडं अख्ख्या शेडमध्ये एकटी तेवीस घालायची. माझ्याच अक्षरात त्याच्यावर चोवीस लिहिलेलं होतं.

म्हणजे घातलं होतं तेवीसनं. चोवीसचं अजून पोटातच होतं. कालची तिची वेळ मी बघितली, पावणेनऊ. रोज दीड-दोन तास पुढे सरकते, म्हणजे आज सव्वादहा-पावणेअकराला. दहा वाजता तिला कापलं तर तिचा एफ-वन सुटायच्या बेतात असणार. त्याला पहाटेच निरोप मिळून गेलेला असणार.

नोंद दुरुस्त करायची आमची रीत होती. चुकीवर एक आडवी रेघ, शेजारी खरं काय ते, सही, वेळ, आणि मॅडमची लाल शाईतली आद्याक्षरं. त्या महिन्यात माझ्या दोन दुरुस्त्या झाल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या होत्या, “निवेदिता, लक्ष कुठं असतं तुझं?” तरी मी पेनाचं टोपण काढलं. खरंच काढलं. तेवढ्यात फाटकातून मॅडमची स्कूटर आत आली.

मागे करुणा बसली होती. मॅडमची पर्स तिच्या मांडीवर, एक हात मॅडमच्या खांद्यावर. दोघी कशावरून तरी हसत होत्या. मॅडम उतरल्या, तिच्या कपाळावर उडालेली बट त्यांनी कानामागे सारली आणि म्हणाल्या, “जा बाळा, हात गरम कर. आज सगळं तुझ्या हातांवर आहे.”

माझी खोली त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती. दोन वर्षं मी पायी येत होते.

मी टोपण लावलं.

पावणेदहाला करुणा ॲप्रन घालून शेडमध्ये आली. “ताई, कुठली देता?”

“चोवीस. आठ-दहा.” मी वही तिच्यापुढे धरली.

“देवा, एकच? माझी परीक्षा घ्यायचं ठरवलंय काय सगळ्यांनी!” तिनं दोन्ही हात माझ्या गालांना लावले. “बघा, कसे बर्फ झालेत. घाबरगुंडी उडालीय माझी. बोला ना काहीतरी चांगलं.”

“काय बोलू?”

“काहीही. ‘शाबास करुणे’ म्हणा, आगाऊच.”

मी हसले. ते हसणं मला आजही आठवतं. तिनं पिंजरा उघडून आत हात घातला. चोवीसनं जाळी पायांनी घट्ट धरली. करुणानं एकेक नख हळूच सोडवलं. “ये गं माय, ये. काय झालं तुला?”

“घाबरली असेल,” मी म्हणाले.

तिनं कोंबडी छातीशी धरली, तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि प्रयोगशाळेकडे गेली.

मी वही घेऊन बसून राहिले. मग राहवेना, म्हणून वही काखेत मारून मीही गेले. दारात उभी राहिले. तोवर कापून झालं होतं. करुणा टेबलावर वाकली होती. बशी, खारट पाणी, चिमट्या, छोट्या नळ्यांचा स्टँड, सगळं ओळीनं मांडलेलं. तिनं पोट उघडलं आणि तिचे हात थांबले.

“ताई…”

अंडवाहिनीच्या टोकाशी, पातळ गुलाबी पडद्याआडून, पांढरं दिसत होतं. कडक कवचाचं पुरं अंडं.

कवच चढायलाच वीसेक तास लागतात. आठ-दहाला घातलेल्या कोंबडीच्या पोटात दहा वाजता कवचाचं अंडं असूच शकत नाही. हे तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. वर घोसातला एफ-वन फुगून ताणला होता, त्याच्यावरची फिकट रेघ रुंद झाली होती. तासाभरात तिथून फाटून सुटला असता. या पेशींना आता काय विचारणार? त्या आधीच भरभरून बोलत होत्या.

“हिनं घातलं होतं ना, ताई?” करुणानं विचारलं. वर बघून. अगदी साध्या आवाजात.

तेव्हा सांगता आलं असतं.

“वहीत आहे,” मी म्हणाले.

मॅडम आल्या. त्यांनी एकदा टेबलाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी माझ्या काखेतली वही घेतली, नोंद वाचली, पुन्हा टेबलाकडे बघितलं.

“पोट चाचपलं होतंस कापायच्या आधी?”

करुणानं हातातली चिमटी बशीत ठेवली.

“मी काय विचारतेय? चाचपलं होतंस?”

“नाही मॅडम.”

“खेड्यातली पोर ना तू? बोट लावलं असतंस तर कळलं असतं! शेवटची कोंबडी होती ही, करुणा. परवानगी संपली. आता सहा महिने नवी मिळायची नाही.”

“माझी चूक झाली.”

“वहीत चुकलं असेल, अंडं इकडचं तिकडं गेलं असेल, ते होतं. म्हणून तर चाचपायचं असतं! उद्यापासून टेबलावर यायचं नाही. नवीन परवानगी येईपर्यंत शेड साफ करायची.”

करुणानं हातमोजे काढले. ॲप्रन काढला, घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. माझ्याकडे एकदाही तक्रारीनं बघितलं नाही. मला वाटत होतं तिनं बघावं.

मॅडम मला म्हणाल्या, “तू ये माझ्या खोलीत.”

खोलीत गेल्यावर त्यांनी दार लोटलं, पंखा लावला आणि आधी पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “बस. तुला वाईट वाटेल, पण सांगायलाच हवं आता. तुझी तिसरी गेली.”

“माझी?”

त्यांनी नळ्यांचा स्टँड बरोबर आणला होता, तो माझ्यापुढे सरकवला. रिकाम्या बारा नळ्या. प्रत्येकीवर करुणाच्या गोल गोल अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: नि. रा. – ३. निवेदिता राऊत, कोंबडी तिसरी.

“तुझं पत्र मी मागच्या शुक्रवारीच पाठवलं,” मॅडम म्हणाल्या. “करुणाचं काय, तिचं पहिलं वर्ष आहे. तिच्या त्या दोन कोंबड्या हात बसावा म्हणून होत्या. तुझ्या आकडेवारीत एक कमी पडत होती आणि तुझ्या हातून पापुद्रा निघेना. तिला म्हटलं, ही निवेदितासाठी काढून दे. बिचारी दोन दिवस कापसाच्या बोळ्यावर सराव करत होती. आज सकाळी घरी येऊन बसली, म्हणाली, मॅडम मला तुमच्याबरोबर न्या, चालत गेले तर वाटेतच पळून जाईन.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू तिला तुझ्या कोंबडीला हात लावू दिला असतास?”

पंखा फिरत होता.

“रडू नकोस,” त्या म्हणाल्या. मी रडत नव्हते. “दोन कोंबड्यांवरच अर्ज पाठवू. मी फोन करते तिथं, सांगते शेवटच्या वेळी विद्यार्थिनीची चूक झाली म्हणून. ते समजून घेतील. तू जाशील. त्या पोरीला मात्र चांगला धडा मिळायला हवा, फार अंगावर घेते कामं.”

मी जाणार होते. काहीही न करता, नुसतं गप्प बसून. उजळणारी पेशी बघणार होते. करुणा सहा महिने शेड झाडणार होती, आणि तिला वाटणार होतं की चूक तिचीच.

“वही द्या ना, मॅडम.”

“कशाला?”

“द्या.”

मी आठ-दहाच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: ‘क्र. २४ नव्हे, क्र. २३. चूक ८.२० ला लक्षात आली. मुद्दाम दुरुस्त केली नाही.’ खाली सही केली आणि वेळ टाकली. माझं मनगट नेहमीसारखंच दगड झालं होतं, पण अक्षर नीट आलं.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

“मुद्दाम?”

“हो.”

“का गं?”

जागा, पत्र, तिसरी कोंबडी, दाराआडून ऐकलेलं बोलणं, कितीतरी होतं सांगण्यासारखं. तोंडातून आलं ते एवढंच: “ती तुमच्या स्कूटरवर होती.”

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. स्कूटर तिथंच उन्हात उभी होती. मग त्यांनी खणातून लाल पेन काढलं आणि माझ्या सहीशेजारी आपली आद्याक्षरं घातली, रीतीप्रमाणे. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली.

“पत्र मी परत मागवते,” त्या म्हणाल्या. “आणि तिला तूच सांगायचंस. मी नाही सांगणार. जा.”

करुणा शेडमध्ये होती. शिक्षा उद्यापासून होती, पण तिनं आजच सुरुवात केली होती. चोवीस नंबरचा पिंजरा बाहेर काढून ती ब्रशनं घासत होती. पंचफुलाबाई घासायच्या तसाच, कोपऱ्यांपासून. शेजारी तेवीस दाणे टिपत होती.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आठ-वीस, खरखरीत टोक, पेनाचं टोपण. तिचा ब्रश चालूच होता. मग हळू झाला. मग थांबला.

“म्हणजे मी कोंबडी उचलली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी हात लावले तुमच्या गालाला, तेव्हा?”

“हो.”

ती पिंजऱ्याच्या जाळीतून आत बघत राहिली, जणू तिथं अजून कुणी बसलंय.

“रागव माझ्यावर,” मी म्हणाले. “काहीतरी बोल. मॅडमना मी सगळं लिहून दिलंय. तुझी शिक्षा राहणार नाही. तू उद्यापासून टेबलावर ये.”

“मी टेबलाचं म्हणत नाही.” तिनं बाहीनं नाक पुसलं. “तिनं पाय किती घट्ट धरले होते. मला वाटलं, भ्याली. तिला बसायचं होतं, ताई. तासभर बसू दिलं असतं तर झालं असतं तिचं.”

करुणानं ब्रश खाली ठेवला.

“आमच्या घरी अंड्यावरची कोंबडी कापत नाहीत. दारात पाहुणे येऊन बसले असले तरी आई आधी पोट चाचपते. कडक लागलं तर त्या दिवशी सोडून देते अन् वरणभात वाढते. मीही तशीच चाचपते, दरवेळी. इथल्या आधीच्या दोन्ही कोंबड्यांच्या वेळी चाचपलं होतं. मॅडमना सांगितलं नाही मी ते.”

“मग आज का नाही चाचपलंस?”

करुणानं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय, असं.

“वहीत तुमचं अक्षर होतं ना,” ती म्हणाली.